नळदुर्गचा पूल

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन पाळला जातो. आपल्या उटनूरकरांनाही तो परका नाही. १९४८ साली आदिलाबाद जिल्हा निजामाच्याच अमलाखाली होता. किनवट आणि राजुरा हे तालुकेही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात मोडत, ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वेगळे झाले. त्या पाच दिवसांच्या लढाईकडे आज थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

युद्धाचा पहिला दिवस पुष्कळदा फार आधीच नकाशावर लढून झालेला असतो. १ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन कैसरने सारे सैन्य रशियाकडे वळवण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. लक्षावधी शिपायांच्या आगगाड्यांचे वेळापत्रक पश्चिमेच्या स्वारीसाठी बांधलेले होते. त्याच योजनेनुसार फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसल्या आणि ब्रिटनही युद्धात उतरले.

हैदराबादच्या मोहिमेची आखणी लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांची. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून बेजवाडा, असे तिचे दोन मुख्य मार्ग. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल चौधरी यांच्या फौजा सोलापूरच्या बाजूने निघाल्या. वाटेत नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल होता. तो उडवला गेला असता तर रणगाडे तेथेच खोळंबले असते. पण भारतीय तुकड्यांनी अचानक झडप घालून तो शाबूत हस्तगत केला. सडकेवरच्या मोक्याच्या जागा धरून बसलेल्या निजामी सैन्याचा बचाव त्या पहिल्याच धक्क्याने ढासळला. नऊ वाजता फौजा जळकोटला होत्या. दुपारी त्या उमरग्याला, सरहद्दीच्या सुमारे ६० किलोमीटर आत पोहोचल्या. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती एल इद्रूस यांनी शरणागती पत्करली.

सेनेचा आराखडा येथे पूर्ण झाला. लोकांचे भोग मात्र संपले नव्हते. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचा सूड अनेक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दिला. तेव्हाचे उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

पूल कसा घ्यावा, हे नकाशावर नेमके लिहिलेले होते. फौज पुढे गेल्यावर मागच्या गावांत रात्रीचा पहारा कोणी द्यावा, याचाही विचार तितक्याच बारकाईने झाला असता तर कित्येक घरे वाचली असती.

तो काळ बालपणी पाहिलेले वडीलधारे आता थोडेच उरले आहेत. त्यांच्यापाशी बसावे, विजयाची हकीकत जरूर ऐकावी. आणि त्यापुढच्या आठवड्यांत आपल्या शेजाऱ्यांचे काय झाले, हेही विचारावे.