धातुमळी, फॉस्फेट आणि हिशेबाचा प्रश्न

पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या धातुमळीने, म्हणजेच स्लॅगने, सांडपाण्यातील फॉस्फेट काढता येते ही गोष्ट आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. न्यूझीलंडमधील वायुकू येथे १९९३ पासून गावाचे सांडपाणी अशा मळीच्या गाळणीतून सोडण्यात आले. पहिल्या पाच वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश फॉस्फरस मळीत अडकला. पुढे गाळणीची शक्ती झपाट्याने ओसरली. उद्योगाचा कचरा आणि पाण्याचे दूषण यांवर एकच उतारा सापडल्याचा आनंद कारखानदारांना व्हावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु समाजवादी चळवळीने आनंदाआधी हिशेब मागितला पाहिजे.

या क्रियेत गूढ असे काही नाही. मळीतील चुना पाण्यात विरघळतो, फॉस्फेटशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. लोहाची ऑक्साइडेही काही भाग धरून ठेवतात. मात्र त्याच चुन्यामुळे बाहेर पडणारे पाणी तीव्र अल्कधर्मी होते व ते तसेच ओढ्यात सोडल्यास मासे मरतात. काही मळ्यांतून क्रोमियम आणि व्हॅनेडियमही पाझरतात. शिवाय सर्व मळी सारखी नसते. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांची मळी वाळूप्रधान, चुन्याने दरिद्री. भिलाईच्या कन्व्हर्टरची चुन्याने समृद्ध. ‘स्लॅग’ एवढ्या एका शब्दावर योजना मंजूर करणे म्हणजे जनतेच्या पैशाशी खेळणे होय.

आता वाशीम जिल्ह्यातील रिठदचा विचार करावा. रिसोड तालुक्याचा हा भाग कोरडवाहू सोयाबीनचा. येथे फॉस्फेट नळातून वाहत नाही. ते पावसात वाहून जाणाऱ्या मातीबरोबर शेताशेतातून नाल्यात उतरते. अशा विखुरलेल्या प्रवाहापुढे गाळणी मांडणार कुठे? शेकडो किलोमीटरवरून जड मळी आणण्याचे भाडेच उपायाला खाऊन टाकील. वापरलेली मळी खत म्हणून शेतात टाकावी, असे कोणी सुचवील. थॉमस पद्धतीच्या पोलादाची फॉस्फेटयुक्त मळी जर्मनीत अनेक दशके खत म्हणून वापरली गेली, हे खरेच. पण ती आम्ल जमिनींना मानवते; वऱ्हाडची काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आहे. तपासणीत निर्दोष ठरली, तर तिची जागा कोकणच्या जांभ्या मातीत आहे. रिठदला हवे आहेत ते बांधबंदिस्ती, माती परीक्षण आणि पेरणीबरोबर योग्य खोलीवर, मोजून दिलेले खत.

मळीच्या गाळणीला खरे क्षेत्र आहे ते उजनीसारख्या ठिकाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून या जलाशयात येते, जलपर्णी आणि शैवाल माजते आणि तेच पाणी सोलापूरच्या कामगार वस्त्या पितात. तेथे प्रदूषण वाहिन्यांतून येते, म्हणजे ते अडवता येते. नेहमीच्या शुद्धीकरणानंतरचा अखेरचा टप्पा म्हणून तेथे मळीची चाचणी अवश्य घ्यावी.

पण खर्च कोणाचा? फॉस्फेटी खतासाठी देश बव्हंशी परदेशी कच्च्या मालावर अवलंबून आहे आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून अनुदान जाते. तेच फॉस्फरस पाण्यात वाहून गेले, की ते काढण्याचा भुर्दंड पुन्हा जनतेवर. आज मळीचा ढीग कारखान्याचा भार आहे. उद्या तिला ‘जलशुद्धीकरण द्रव्य’ असे नाव देऊन तीच महापालिकांना विकली जाईल. नफा खाजगी आणि नुकसान सार्वजनिक, हा जुनाच खेळ नव्या वेषात येईल.

प्रदूषकानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. त्याला अनुसरून मळी कारखान्यांनी विनामूल्य द्यावी, वाहतूक आणि विल्हेवाट यांचा भार उचलावा. पाण्याच्या तपासणीचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने दरमहा मराठीत प्रसिद्ध करावेत. आणि गाळणीची शक्ती संपताच ती बदलण्याची तरतूद करारातच असावी. एवढे मान्य असेल, तर धातुमळीचे स्वागत. नसेल, तर तो पाणी शुद्ध करण्याचा नव्हे, केवळ कचरा खपवण्याचा उद्योग ठरेल.