सेवेचा भार एकटीवर नको

घरातील वडीलधाऱ्या माणसाने जेवून तास होत नाही तोच ‘मला कोणी जेवायला का देत नाही?’ असे विचारले, की प्रथम हसू येते, मग राग येतो. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून घर स्वतःची समजूत घालते. या समजुतीतच मोलाचा काळ निघून जातो.

अल्झायमर हा वार्धक्याचा स्वभाव नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन प्रथम मांडले. या आजारात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात, पेशी मरत जातात. नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी बाधित होतो. त्यामुळे शाळेतल्या मास्तरांचे नाव आठवते, सकाळचा चहा मात्र आठवत नाही. ठेवलेली वस्तू सापडेनाशी झाली की चोरीचा आळ अनेकदा सर्वाधिक सेवा करणाऱ्या सुनेवरच येतो. हे बोल माणसाचे नसून आजाराचे आहेत, एवढे उमजले तरी घरातील बराच कलह शमेल.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत अल्झायमर अग्रस्थानी आहे. २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेचे कवच मिळाले, हे स्वागतार्हच. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे आणि अल्झायमरची खरी लढाई चालते ती घरात.

ती लढते कोण? आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. पण अपरात्री दार उघडून निघालेल्या सासऱ्यांना परत आणते ती बहुधा सून, पत्नी किंवा मुलगी. तिची झोप, नोकरी, प्रकृती यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. इतर आप्त रविवारी येतात, ‘अण्णा तर छान दिसताहेत’ म्हणतात आणि सल्ले देऊन निघून जातात. एका स्त्रीच्या मूक झिजण्यावर उभ्या राहिलेल्या सेवेला संस्कार कसे म्हणावे?

म्हणून काही गोष्टी निश्चयाने करायला हव्यात. विसरभोळेपणा वाढू लागताच डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडच्या विकारामुळेही अशी लक्षणे दिसतात व उपचारांनी ती सुधारू शकतात. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. परंतु वेळीच निदान झाल्यास पुढील तयारी करता येते. सर्व भावंडांनी एकत्र बसून कामाची आणि खर्चाची वाटणी करावी. रुग्णाच्या खिशात नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असावा. शेजारच्या घरात असा रुग्ण असेल, तर कार्यकर्त्यांनी आठवड्यातून दोन तास त्याच्यापाशी बसावे. तेवढ्या वेळात त्या घरातील स्त्रीला निश्चिंतपणे बाहेर जाता येईल. सेवाकार्याची सुरुवात करायला याहून जवळचे स्थान शोधण्याची आवश्यकता नाही.