लिव्हरपूलचा श्रेष्ठ मध्यरक्षक कोण?

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याच्या गळ्यांत माळ पडते आणि गोल होऊं न देणारा घाम पुसून मुकाट्यानें आपल्या जागीं परततो, ही जगाची रीत फार जुनी आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर संघ पाडण्याची वेळ आली म्हणजे तिचा प्रत्यय हटकून येतो. पुढें खेळावयास दहा मुलें हात वर करतात. मागें उभें राहण्यास मात्र कोणास तरी ढकलावें लागतें. असें असतां इंग्लंडांतील एका थोर क्लबाचे अनुयायी एका प्रश्नावर वर्षानुवर्षें हिरिरीनें वाद घालीत आहेत, व तो प्रश्न गोल करणाऱ्यांविषयीं नसून गोल अडविणाऱ्यांविषयीं आहे, हें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. आमचे कित्येक विद्यार्थीही रात्रीं जागून त्या क्लबाचे सामने पाहतात व दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तोच वाद घालतात. तेव्हां त्या वादांत आम्हीही चार शब्द बोललों, तर तें अप्रस्तुत होणार नाहीं.

हा क्लब म्हणजे लिव्हरपूल. ज्या बंदराचें नांव आमच्या पणजोबांच्या पिढीस मुंबईच्या कापसाच्या व्यापारामुळें ठाऊक होतें, त्याच शहरांत हा क्लब १८९२ सालीं स्थापन झाला, व ॲनफील्ड हें त्याचें मैदान आहे. वादाचा प्रश्न असा, कीं गेल्या चार-पांच दशकांत या क्लबाचा सर्वांत श्रेष्ठ मध्यरक्षक कोण? गोलरक्षकाच्या पुढें, मैदानाच्या मधोमध, ज्याच्या अंगावर शत्रुपक्षाचा सगळा लोंढा प्रथम येऊन आदळतो, तो हा मध्यरक्षक. उमेदवार पुष्कळ आहेत. परंतु वाद अखेर चार नांवांपाशीं येऊन थांबतो.

वयाच्या मानानें पहिला मान ॲलन हॅन्सन याचा. हा स्कॉटलंडचा गडी १९७७ सालीं पार्टिक थिसल या क्लबाकडून एक लाख पौंडांस आला आणि १९९१ सालीं निवृत्त होईपर्यंत लिव्हरपूलसाठीं ६२० सामने खेळला. आठ लीग-विजेतेपदें व तीन युरोपियन कप एवढा त्याचा ठेवा आहे. १९८५-८६ च्या हंगामांत लीग व एफ. ए. कप अशीं दोन्ही अजिंक्यपदें मिळविणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. चेंडू हिरावून घेतल्यावर तो दूर भिरकावून देण्याची घाई त्यास कधीं नसे. मान वर करून, चेंडू पायाशीं खेळवीत, तो अंगणांत फेरफटका मारणाऱ्या गृहस्थाप्रमाणें शांतपणें पुढें येई आणि नेमक्या गड्यास पास देई. १९७८-७९ सालीं लीगच्या ४२ सामन्यांत लिव्हरपूलवर अवघे १६ गोल झाले, हा त्याच्या चाहत्यांचा बिनतोड पुरावा.

दुसरा सामी ह्यूपिया. हा उंचापुरा फिनलंडचा तरुण १९९९ सालीं नेदरलंड्समधील विलेम टू या क्लबाकडून सुमारे २६ लाख पौंडांस आला. त्या काळच्या बाजारभावानें ही किंमत अगदींच किरकोळ होती. २००१ सालीं संघानें एकाच हंगामांत तीन कप जिंकले, त्यांत त्याचा वाटा मोठा होता. २००३ सालीं कर्णधारपद त्याच्याकडून स्टीव्हन जेरार्डकडे गेलें. तरी पुढें २००९ पर्यंत तो पूर्वीच्याच निष्ठेनें खेळत राहिला. मान गेल्यावरही कामांत कसूर न करणारीं माणसें विरळा, म्हणून आम्हांस त्याच्याविषयीं विशेष आदर आहे.

तिसरा जेमी कॅरगर. हा शहराला लागून असलेल्या बूटल येथला. लहानपणीं शेजारच्या एव्हर्टन क्लबाचा भक्त, पण खेळाडू म्हणून आयुष्यभर एकट्या लिव्हरपूलचा. ७३७ सामने तो खेळला. त्या क्लबांत त्याच्यापुढें एकटा इयान कॅलाहन आहे. १९९९ सालीं मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एकाच सामन्यांत त्याच्याकडून आपल्याच जाळ्यांत दोन गोल गेले. एखादा कच्च्या मनाचा मुलगा तेथेंच खचला असता. पण हाच कॅरगर २५ मे २००५ रोजीं इस्तंबूल येथें मिलान संघाविरुद्ध उभा होता. मध्यंतरास संघ तीन गोलांनीं मागें, पुढें बरोबरी, आणि वाढीव वेळांत पायांत गोळे येऊन चालणेंही कठीण झालें असतां तो लोळण घेऊन चेंडू अडवीत होता. लिव्हरपूलनें पेनल्ट्यांवर तो युरोपियन कप जिंकला. ह्यूपियाही त्या सामन्यांत त्याच्या शेजारींच झुंजत होता, हें विसरतां कामा नये.

चौथा व्हर्जिल व्हॅन डाइक. हा नेदरलंड्सचा खेळाडू जानेवारी २०१८ मध्यें साउथॅम्प्टनकडून सुमारे साडेसात कोटी पौंडांस आला. बचाव करणाऱ्या गड्यास तोंवर जगांत इतकी किंमत कोणीं दिली नव्हती. २०१९ सालीं युरोपियन कप, २०२० सालीं तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर लीग-विजेतेपद, आणि २०२५ सालीं कर्णधार या नात्यानें पुनः लीग-विजेतेपद, असें यश त्याच्या काळांत क्लबास लाभलें. २०१९ सालीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा युएफाचा सन्मान त्यास मिळाला. तो मिळविणारा तो पहिलाच बचावपटू.

आतां निवाडा कोणत्या मापानें करावयाचा? बहुतेक भांडणें येथेंच फसतात, कारण वाद घालणारा प्रत्येक जण आपापलें माप खिशांतून काढतो आणि दुसऱ्याच्या मापास खोटें ठरवितो. कोणी विजेतेपदें मोजतो. त्याच्या हिशेबीं हॅन्सनपुढें कोणी टिकत नाहीं. कोणी निष्ठा मोजतो. त्याला कॅरगरवांचून दुसरा दिसत नाहीं. कोणी मोजलेला पैसा व पदरीं पडलेलें काम यांचें प्रमाण काढतो. त्याचा कौल ह्यूपियास. शिवाय वयाचीही एक मेख आहे. पन्नाशी उलटलेल्यास आपल्या तारुण्यांतील वीर सर्वांत मोठे वाटतात, आणि शाळकरी पोरास ज्यास आपण पाहिलें तोच थोर वाटतो. दोघेही खोटें बोलत नाहींत. पण दोघेही अर्धेंच पाहतात.

खेळाचे नियमही बदलले आहेत. १९९२ पूर्वीं संकटांत सांपडलेला रक्षक चेंडू खुशाल मागें गोलरक्षकाकडे पायानें लोटी, व गोलरक्षक तो हातांनीं उचलून घेई. त्या सालापासून ही सोय बंद झाली. हॅन्सनच्या हातीं ही ढाल होती. पुढील तिघांच्या हातीं ती नव्हती. उलटपक्षीं, हिवाळ्यांत चिखलानें भरलेल्या ज्या मैदानांवर हॅन्सननें चेंडू पायाशीं खेळविला, तशीं मैदानें आजच्या खेळाडूंच्या वांट्यास क्वचितच येतात. म्हणून ४२ सामन्यांतील १६ गोल आणि २०१८-१९ सालच्या ३८ सामन्यांतील २२ गोल यांची नुसती वजाबाकी करणें हें गणित होईल, न्याय होणार नाहीं.

आम्हीं एक वेगळेंच माप सुचवितों. रक्षकाचें उत्तम काम म्हणजे जें घडलें नाहीं तें. आणि न घडलेल्या गोष्टी मोजतां येत नाहींत. पण घराचा आढा काढला म्हणजे त्यानें किती भार पेलला होता तें कळतें. म्हणून तो नसतांना घराचें काय झालें तें पाहावें.

हॅन्सन १९८८-८९ चा जवळजवळ सबंध हंगाम गुडघ्याच्या दुखापतीनें बाहेर होता. तरीही लिव्हरपूल शेवटच्या सामन्यापर्यंत विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होतें. आर्सेनलशीं गुणांत व गोलफरकांत बरोबरी झाली आणि केवळ केलेल्या एकूण गोलांच्या संख्येवर तें विजेतेपद हुकलें. हॅन्सन थोर होता, पण ज्या घरांत तो आला तें आधींच युरोपचें अजिंक्य होतें व त्याच्या भिंती दगडी होत्या. व्हॅन डाइक १७ ऑक्टोबर २०२० रोजीं एव्हर्टनविरुद्ध गुडघ्यास जबर इजा होऊन पडला, तेव्हां लिव्हरपूल हें लीगचें विद्यमान विजेतें होतें. पुढील जानेवारी ते मार्च या काळांत त्याच संघानें आपल्या घरच्या मैदानावर लीगचे लागोपाठ सहा सामने गमावले. तत्पूर्वीं त्याच मैदानावर लीगच्या ६८ सामन्यांत तो अपराजित होता! तो परतल्यावर २०२१-२२ सालीं संघानें देशांतील दोन्ही कप जिंकले व लीगचें विजेतेपद एका गुणानें गमावलें.

या मापासही उणीव आहे, ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या दुर्दैवी हंगामांत जो गोमेझ व जोएल मातिप हे दुसरे मध्यरक्षकही जायबंदी होते. २०१८ सालीं ॲलिसन हा उत्कृष्ट गोलरक्षक आला, त्याच्या श्रेयाचा वाटा व्हॅन डाइकच्या पदरांत टाकतां येत नाहीं. शिवाय त्याच हंगामाच्या अखेरीस नॅट फिलिप्स व ऱ्हीस विल्यम्स या दोन अननुभवी तरुणांनीं मध्यभाग सांभाळला, शेवटच्या दहा सामन्यांत संघ एकदांही हरला नाहीं, आणि तिसरें स्थान पटकावलें. या दोघांचीं नांवें कोणत्याही यादींत येत नाहींत. आम्हीं तीं येथें मुद्दाम नोंदवीत आहों.

तरीही आमचा कौल व्हॅन डाइकच्याच बाजूस आहे, आणि त्यास एक दृश्य कारण आहे. ३१ मार्च २०१९ रोजीं टॉटनहॅमविरुद्ध सामना एक-एक अशा बरोबरींत होता व थोडींच मिनिटें उरलीं होतीं. टॉटनहॅमचा सिसोको चेंडू घेऊन धांवत सुटला. शेजारीं सन हा अचूक नेम मारणारा गडी. आणि समोर व्हॅन डाइक एकटा. दुसरा कोणी चेंडूवर झेप घेता आणि फसता. हा मात्र दोघांच्या मधील वाट अडवून मागें मागें सरकत राहिला. सनकडे पास जाऊं दिला नाहीं, आणि सिसोकोस त्याच्या कमकुवत डाव्या पायानें मारण्यास भाग पाडलें. चेंडू आडव्या खांबावरून उंच निघून गेला. व्हॅन डाइकनें चेंडूस स्पर्शही केला नाहीं! थोड्याच वेळांत लिव्हरपूलचा दुसरा गोल झाला व सामना जिंकला. वर्तमानपत्रांच्या धांवत्या वर्णनांत अशा क्षणास ओळही मिळत नाहीं. पण आमच्या मतें मध्यरक्षकाची सारी विद्या त्यांत आहे.

तेव्हां आमचा निवाडा असा: कौशल्यांत व संघावरील परिणामांत व्हॅन डाइक पहिला, त्याच्या खांद्यास खांदा लावून हॅन्सन, त्यांच्यामागें ह्यूपिया. कॅरगर यास आम्हीं क्रमांक देत नाहीं, कारण प्रेमाचें व निष्ठेचें तागडें निराळें असतें, आणि त्या तागड्यांत तो एकटाच बसतो. हा निवाडा कोणास न पटल्यास त्यानें आमच्याशीं अवश्य भांडावें. मात्र आपलें माप कोणतें तें आधीं सांगावें, आणि आपल्या उमेदवाराचा थोरपणा सिद्ध करण्यासाठीं दुसऱ्याच्या उमेदवारास हिणवूं नये. चौघेही एकाच रंगाचा सदरा घालून खेळले आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढीच सूचना, कीं पुढच्या सामन्यांत दहा मिनिटें चेंडूवरून दृष्टि काढावी आणि मागें उभ्या असलेल्या एकाच गड्याकडे पाहावें. तो कोठें उभा राहतो, कोणास हांक मारतो, केव्हां धांवत नाहीं, हें सर्व ध्यानांत येईल. आणि शाळेच्या मैदानावर संघ पाडतांना मागच्या जागेसाठीं एखाद्या मुलानें आपण होऊन हात वर केला, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्हीं समजूं.