धुऱ्याचा दगड

धुऱ्यावरून दोन घरांत पिढीजात वैर पडलेलें आम्हीं महसूल खात्यांतील नोकरींत पुष्कळदां पाहिलें. अमरावती-अकोल्याकडील शेतें १८६१ नंतर मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें मोजलीं गेलीं. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा. हद्दीचा दगड हा त्या मोजणीचा साक्षीदार आहे, मालक नव्हे. तो वखरानें हलला वा कोणीं हलविला, तरी हद्द हलत नाहीं.

म्हणून दगड सरकलेला दिसतांच सब्बल घेऊन तो आपणच रोवूं नये. भूमि-अभिलेखाच्या उपअधीक्षकाकडे मोजणीचा अर्ज द्यावा. पऱ्हाटी उपटून रान मोकळें झाल्यावर, शेजाऱ्याच्या समक्ष मोजणी करवावी. न पटल्यास निमताना मोजणी मागावी. हद्दीच्या खुणांची निगा राखणें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें खातेदाराकडेच सोंपविलें आहे. त्या बुद्ध्या हलविणारास दंड आहे.

आमचीच गोष्ट सांगतों. शेजाऱ्यानें धुरा कोरला असें समजून आम्हीं दोन वर्षें अबोला धरला. मोजणींत उलट आमचीच वहिती दीड फूट त्याच्या हद्दींत निघाली. वीस साखळ्यांच्या लांबीवर ती ९९० चौरस फूट. पुरता गुंठाहि नाहीं! जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे चाळले, परंतु स्वतःचा उघडला नव्हता. तीं दोन वर्षें कोणत्याहि मोजणीनें परत मिळावयाचीं नाहींत.

शेतकरी बंधूंनो, दगडास हात लावण्यापूर्वीं नकाशा पाहा. आणि मोजणी आपल्याविरुद्ध गेली, तरी ती माना.