क्यूआर मोहल्ल्यात पोचला, कर्ज मात्र वेशीवरच थांबले

परभणीच्या बाजारात आता "सुट्टे आहेत का?" यापेक्षा "स्कॅनर आहे का?" हा प्रश्न जास्त ऐकू येतो. स्कॅनर म्हणजे खरे तर यंत्र नव्हे, तो चौकोनी ठिपक्यांचा कागद. पण लोकांनी नाव ठेवले ते ठेवले. कच्छी बाजारातला बांगडीवाला, गांधी पार्कजवळचा केळीचा गाडा, सायकलचे पंक्चर काढणारा, मटणाचे दुकान, सगळीकडे तो कागद आहे. बऱ्याच ठिकाणी शेजारी बोलणारा डबाही आहे. गिऱ्हाईक विचारते, "चाचा, आवाज आया क्या?" आणि चाचा मान हलवतात. हा बदल चांगला आहे असेच माझे मत आहे. तक्रार आहे ती त्याच्या अर्धवटपणाची.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. कार्ड घासायची मशीन आपल्या गाड्यापर्यंत कधी आलीच नाही. तिला चालू खाते लागायचे, दुकानाचा पत्ता लागायचा, महिन्याचे भाडे लागायचे. रस्त्यावर उभ्या माणसाकडे यातले काहीच नसते. २०११ च्या सुमारास मुंबईत एमस्वाइप आणि बेंगळुरूत ईझीटॅप या कंपन्यांनी मोबाईलला जोडायची खिशात मावणारी छोटी मशीन आणली. कल्पना छोट्या व्यापाऱ्यासाठीच होती. तरी आमच्याकडे ती पोचली कपड्याच्या आणि मोबाईलच्या मोठ्या दुकानांपर्यंत. कारण साधे आहे. गाड्यावर वीस रुपयांची केळी घेणाऱ्याच्या खिशात कार्ड असले, तरी ते एटीएमपुरतेच होते. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आणि डिसेंबरअखेर भीम आले होते. मशीनच नको, एक छापील कागद पुरे, हे कळल्यावर चित्र पालटले.

कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराकडून एमडीआर नावाचे शुल्क कापले जाते. १ जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारासाठी डेबिट कार्डावर त्याची मर्यादा ०.४० टक्के झाली. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर ते शून्य केले गेले. हा निर्णय झाला नसता तर बागवानाच्या गाड्यावर आज कागद दिसला नसता. जिथे शंभराच्या मालावर दहा-पंधरा रुपये सुटतात तिथे चाळीस पैसेही मोजले जातात. पण डबा फुकट नाही. कंपनीनुसार महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडे जाते, आणि ते कापले जाते तेव्हा डबा बोलत नाही.

आता खरा मुद्दा. केंद्र सरकारने ज्या ९० जिल्ह्यांना अल्पसंख्याकबहुल म्हणून निवडले होते, त्यात महाराष्ट्रातले चार होते: परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशिम. त्याआधी २००६ मध्ये सच्चर समितीने लिहून ठेवले होते की काही बँका विशिष्ट भागांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तिथे कर्ज द्यायचे टाळतात, आणि बँकेच्या कर्जात मुसलमानांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कमी आहे. तेव्हा बँकेकडे एक कारण तयार असायचे. तुमच्याकडे हिशेब कुठे आहे? कमाई कशावरून मानायची? बागवान, मणियार, आत्तार, कुरेशी, पिंजारी, तांबोळी या आमच्या बिरादऱ्या पिढ्यान्‌पिढ्या रोकड्याने आणि उधारीने धंदा करत आल्या. वही असली तर ती उर्दूत किंवा मोडक्या मराठीत, आणि पुष्कळदा फक्त डोक्यात.

आज तोच हिशेब बँकेच्याच खात्यात, तारीख-वेळेसह, दहा-दहा रुपयांपर्यंत पडून आहे. मग आता कारण काय? माझ्या ओळखीचा एक फळवाला अशीच तीन वर्षांची खातेउताऱ्याची चळत घेऊन बँकेत गेला. उत्तर मिळाले, दुकानाचा परवाना आणा, जागेची भाडेपावती आणा, जामीनदार आणा, शक्यतो सरकारी नोकर आणा. चळत कुणी उलगडलीही नाही. त्याच संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर संदेश आला की तुम्हाला अमुक हजारांचे कर्ज मंजूर आहे, हप्ता रोजच्या जमेतून आपोआप कापला जाईल. म्हणजे त्याच्या कमाईची नोंद कुणीतरी बारकाईने वाचतच होते. वाचायची नाही ती फक्त बँकेच्या टेबलावर. रोज कापल्या जाणाऱ्या त्या कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हे त्याला कुणी मराठीत समजावून सांगितले नाही. आमच्यातले अनेकजण व्याज टाळतात. त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. पण व्याज चालते त्यालाही स्वस्त दराचे दार बंद आणि महाग दराचे दार सताड उघडे, हे कसे?

पीएम स्वनिधी ही योजना १ जून २०२० पासून आहे. फेरीवाल्याला सुरुवातीला पंधरा हजार, ते फेडले की पंचवीस, मग पन्नास हजार. डिजिटल व्यवहार केले तर थोडी रक्कम परतही मिळते. योजना वाईट नाही, आणि तिचा फायदा झालेले लोक मला माहीत आहेत. पण पन्नास हजारांच्या पुढे काय? हंगामात एक टेम्पो माल उचलायला ते पुरत नाहीत. तिथून पुढचा रस्ता पुन्हा सावकाराकडे किंवा मोबाईलवरच्या संदेशाकडे जातो.

दुसरी गोष्ट भीतीची आहे, आणि ती मी वाढवून सांगत नाही. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर झाली की चोरीचा पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती खाती थांबवली जातात. फसवणूक करणाऱ्याने त्या पैशातून कुठे चहा घेतला, कुठे फळे घेतली, तर तो चहावाला आणि फळवालाही त्या साखळीत येतो. दीडशे रुपयांसाठी सगळे खाते बंद. केरळात २०२३ मध्ये अशी प्रकरणे इतकी झाली की तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले, वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक करा. हे साधे न्यायाचे बोलणे आहे आणि प्रत्येक बँकेने ते पाळायला हवे. परभणीच्या गाडेवाल्याने दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी कोणत्या भाषेत बोलायचे? त्यातून नाव मुसलमानाचे असेल तर 'पोलिसांचे पत्र' या दोन शब्दांनीच घरातली झोप उडते. अनेकजण खाते सोडवायला जात नाहीत, दुसऱ्या बँकेत नवे काढतात. अडकलेले पैसे तिथेच राहतात.

कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेल. यूपीआयची जमा पाहून विक्रीकर खात्याने छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याकडे २९ लाखांची मागणी गेली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. बेंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. तिथल्या सरकारला नंतर माघार घ्यावी लागली. आपल्याकडच्या गल्ल्यांत ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर फिरत होती. कर बुडवावा असे मी म्हणत नाही. खात्यात जमा झालेला प्रत्येक रुपया म्हणजे उलाढाल नव्हे, एवढेच म्हणतो. भिशीचे पैसे, भावाने पाठवलेले दवाखान्याचे पैसे, जमातीची वर्गणी, सगळे त्याच एका खात्यात येते, कारण गरीब माणसाला दोन खाती सांभाळणे परवडत नाही.

एका गोष्टीकडे मात्र आपण स्वतःच डोळेझाक करतो. आपल्या घरात शिवणकाम करणारी, बांगड्या भरणारी, पापड-शेवया विकणारी बाई असते. तिच्या कामाचा स्कॅनर कुणाच्या नावाचा असतो? मुलाच्या, नाहीतर नवऱ्याच्या. पूर्वी गिऱ्हाइकाने दिलेले पन्नास रुपये तिच्या हातात पडायचे, पदराला गाठ मारली जायची, त्यातून लेकीची फी निघायची. आता "अम्मी, आ गये" असा आवाज मुलगा देतो आणि पैसे त्याच्या मोबाईलमध्ये राहतात. मागितले तर मिळतात, पण मागावे लागतात. डब्याने घेतलेली ही किंमत कुठल्याच अहवालात येत नाही. तिचे जनधन खाते असते, आधार असते. नसतो तो फक्त तिच्या हातातला मोबाईल आणि शिकवायला बसणारा मुलगा. यासाठी सरकारला दोष देऊन भागणार नाही, हे काम घरातले आहे.

आणि रोकड मरू द्यायची नाही, हेही सांगतो. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळले तेव्हा लोक खिसे चाचपत राहिले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद केले गेले. दंगल कुणी का करेना, नेट बंद झाले की भाजीवाल्याचा गल्लाही बंद होतो. गावात तणाव असताना गरिबाला खर्चाला पैसे लागतात, आणि नेमका तेव्हाच तो पैसा मोबाईलमध्ये कोंडला जातो. दोन-तीन दिवसांचा खर्च नोटांत घरी ठेवावा, हे माझे सगळ्या गाडेवाल्यांना सांगणे असते.

फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा ऊर्स भरतो. सर्व धर्मांचे लोक येतात, दूरदूरचे दुकानदार पाल ठोकतात. गर्दीत नेटवर्क बसते, चक्र फिरत राहते, गिऱ्हाईक "कट गये भाई" म्हणते आणि डबा गप्प. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने तिथे पंधरा दिवस एक टेबल टाकावे. मराठी आणि उर्दू बोलणारा एक माणूस बसवावा. अडकलेला व्यवहार कसा शोधायचा, बाईच्या नावाचा क्यूआर कसा काढायचा, खाते थांबवले गेले तर अर्ज कुणाला द्यायचा, आणि वर्षाच्या उताऱ्यावर कर्ज मागायचे तर कोणता कागद लागतो, एवढे तिथे सांगितले जावे. अर्ज घेतला तर पोच द्यावी. नाकारला तर कारण लेखी द्यावे, म्हणजे ते घेऊन वरच्या कार्यालयात जाता येईल.