सुटीतले निसर्गशिक्षक

मे महिना उजाडला की गोव्यात मुलांच्या निसर्गशिबिरांचे फलक झळकू लागतात. मुलांना रानात, खाजनांच्या बांधांवर आणि समुद्रकिनारी नेऊन झाडे-पाखरे ओळखावयास शिकविणारे तरुण बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा नुकतेच पदवीधर झालेले असतात. सुटी संपली की त्यांचे कामही संपते आणि त्यांची आठवणही कोणास राहत नाही.

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिला. त्यानुसार विषय आला, पाठ्यपुस्तके आली, गुणही आले. परंतु भरतीच्या रेट्याने मानशीचे दार कसे मिटते आणि ओहोटीला ते कसे उघडते, हे पुस्तकातील चित्रावरून उमगत नाही. त्यासाठी बांधावरच उभे राहावे लागते. करवंदे-जांभळे पिकतात आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे उजळतात, तीही ऐन सुटीत. हा अभ्यासक्रम शिकविण्यास सत्तरी, सांगे, काणकोण येथील रानालगतच्या तरुणांहून अधिक अधिकारी कोण?

हा प्रश्न करमणुकीचा नाही. २०२० साली मोलेच्या रानातून जाणाऱ्या रेल्वेमार्ग, महामार्ग व वीजवाहिनीच्या प्रकल्पांविरुद्ध तरुणच मोठ्या संख्येने पुढे सरसावले. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश गोवा सरकारला दिला. रान राखावे की तोडावे, याचा निवाडा उद्या आजची मुलेच करणार आहेत. ज्याने रान पाहिलेच नाही, तो त्याच्या बाजूने कसा उभा राहील?

शुल्क भरू शकणाऱ्या शहरी मुलांपुरतीच ही शिबिरे उरली, तर अर्धे काम वायाच गेले म्हणावयाचे. म्हणून शिक्षण व वन या दोन्ही खात्यांनी मिळून सरकारी शाळांतील मुलांसाठी ती भरवावीत. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण, प्रथमोपचाराचे ज्ञान आणि ठरीव मानधन द्यावे. एका शिक्षकामागे किती मुले असावीत, याची मर्यादाही घालावी. खर्चाची सबब पुढे केली जाईल. महोत्सवांवर होणाऱ्या खर्चाकडे पाहता ती आम्हांस मान्य होण्यासारखी नाही.