शांत राहा म्हणे!

शेतकऱ्याचा बैल दगावला तर आपल्याकडे कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी येऊन बसतात. ‘जनावरच होतं, शांत व्हा’ असं त्याला म्हणायची कुणाची छाती होत नाही. मग कुत्र्याच्या बाबतीतच ही प्रवचनं कुठून येतात?

मंडळी, जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून शब्दाला शब्द लावतो. ‘शांत बसा’ हे वाक्य मी वर्गात हजारो वेळा म्हटलंय. त्यात पोरांच्या मनःशांतीची काळजी नसते, गलबला नको एवढंच असतं. संकटात लागतो तो धीर. तो वेगळा.

गेल्या पावसाळ्यात सेलू रस्त्यावर एका मोटारसायकलने आमच्या मोत्याला उडवलं. स्वार थांबलाही नाही. मोत्याचं ओरडणं ऐकून माझे हात असे थरथरायला लागले की धोतराचा सोगाही धरवेना. चारजण जमले. ‘गुरुजी, शांत व्हा, कुत्रंच हाय.’ माझं मस्तक फिरलं होतं, पण मी सतराचा पाढा मनात म्हणत होतो. कारण कितीही लाडकं असलं तरी जखमी कुत्रं वेदनेने धन्यालाही चावतं. त्याचं तोंड उपरण्याने सैलसर बांधायचं (श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर मुळीच नाही), फळीवर किंवा पोत्यावर अलगद घ्यायचं, पाय ओढायचा नाही. माणसाची दुखण्याची गोळी तर देऊच नये, मांजराचा तर पॅरासिटामॉलने जीवही जातो. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लस घ्यायची. एवढं सगळं थरथरत्या हातांनी करायचं, याला धीर म्हणतात. उपदेश करणाऱ्यांपैकी फळी धरायला एकच पुढे आला, तोही दहावीतला पोरगा.

परभणीला नेलं, पाय प्लास्टरमध्ये गेला. मोत्या आता लंगडतो, पण दारात कुणी आलं की आधी तोच उठतो.

आता रागाचं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत पेट्रोलही धड येत नाही! जुन्या भारतीय दंड संहितेत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास, यावर कलम ठरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती किंमत गेली, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आली. चांगलं झालं. पण ते हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला. भरधाव येऊन उडवून पुढे जाणारा त्यात सहजी सापडत नाही.

आणि आपण कोणत्या मुलखातले? नामदेव महाराज ज्या नरसीचे मानले जातात, ती १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात ते. ही गोष्ट कीर्तनात ऐकून डोळे पुसणारेच मला शांत व्हायला सांगत होते. असो.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, बीपी सांभाळा.’ सांभाळतोय बाबा, गोळी रोज घेतो. त्या वळणावर गतिरोधक हवा म्हणून संबंधित कार्यालयाला तिसरा अर्ज कालच दिला. अक्षर वळणदार आहे, मजकूर मात्र मुळीच शांत नाही.